पडद्यावर माझं पोट

२ नोव्हेंबर, रविवार
गर्भपिशवी काढली. टाके ओढतात. डॉ. जियाद म्हणाले, "खलास, ऑल फाइन." इथे आखातात खलास म्हणजे झालं, संपलं. माझ्याआधी नवराच हसला, गिरीश — कॅमेरा त्याच्या कंपनीचा ना! लघवीच्या नळ्या पिशवीला खेटून जातात. चुकून कापल्या तर बाई जन्माची अडकते. त्यांत रंग सोडला की या कॅमेऱ्यात त्या हिरव्या चमकतात. सर्जनला कळतं कुठे कापायचं नाही. मान्य. माझ्या नळ्या वाचल्या.

५ नोव्हेंबर
घरी आले. ओवीने सूप केलं. "आई, जस्ट ईट." गिरीश लॅपटॉपवर. शनिवारी डॉक्टरांचं वर्कशॉप आहे म्हणे.

९ नोव्हेंबर
लिडियाचा फोन. शेजारच्या बिल्डिंगमधली, वसईची, ऑपरेशन थिएटरात नर्स. "सुहासिनी, काल वर्कशॉपला तुझं ऑपरेशन बघितलं गं! किती स्पष्ट दिसतं!"
मला आधी कळेचना. पडद्यावर माझ्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग, कोपऱ्यात माझं नाव, वय सत्तेचाळीस. पुसायचं राहिलं म्हणे! दोनशे माणसं. नंतर बिर्याणी.
गिरीश आल्या आल्या विचारलं.
"सही केली होतीस तू. संमतीच्या फॉर्मवर, तिसऱ्या पानावर."
कुणी वाचून दाखवलं होतं तिसरं पान?
"आणि त्यात तू कुठे दिसतेस? सगळं आतलंच तर आहे."
आतली मी नव्हे, तर कोण? एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीत आला नाही. बायकांचं म्हणून बाहेर बसायचा. ओवीच्या वेळीसुद्धा! आणि आता पॉइंटर घेऊन उभा. टाळ्या पडल्या म्हणे.

११ नोव्हेंबर
बोलत नाही मी. त्याला तीन कॅमेऱ्यांची ऑर्डर मिळाली. अल मन्सूर मिठाईवाल्याकडून पेढे आणले. डबा तसाच आहे.

१२ नोव्हेंबर
आंघोळीला दिवा लावला नाही. माझंच पोट मला बघवेना.

१३ नोव्हेंबर
डॉ. हजरा म्हणून कुणाचा तरी फोन. वर्कशॉपला होत्या. माझा नंबर त्यांनी लिडियाकडून घेतला. हिंदीत म्हणाल्या, घाबरू नका — तेव्हाच घाबरले. नळीच्या मागे, आतड्यावर पांढरे दाणे दिसले त्यांना. दोनच सेकंद. बाकी सगळे हिरवं बघत होते. कदाचित काही नसेलही. पण तपासायला गेलेल्या पिशवीचा रिपोर्ट अजून यायचाय. पूर्ण रेकॉर्डिंग मिळेल का, विचारत होत्या.
गिरीशला सांगितलं. त्याने लॅपटॉप उघडला.
"त्यांना पाठव," मी म्हटलं. "अख्खं पाठव. पण आधी मला दाखव."