गच्चीवरची पेटी

३ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पेटी पोचली असेल. काकांनी रेडिओ समजून तिची बटणं पिळली नसतील, अशी आशा आहे. ती हवा ओढणारा छोटा पंप आहे. गच्चीवर, कपड्यांच्या दोरीचा खांब आहे ना, त्याला ती बांध. वायर लांब आहे, इस्त्रीच्या खोलीपर्यंत सहज जाईल. आत एक पांढरी चकती आहे. पंप हवा ओढतो आणि हवेतले बारीक कण चकतीवर अडकतात. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाइतके असतात, त्यामुळे नाकालाही चकवून थेट फुप्फुसात उतरतात. दर सोमवारी चिमट्याने चकती काढायची, डबीत घालायची, नवी बसवायची आणि जुनी मला पाठवायची. बाकी सगळं सोबतच्या बारा पानी सूचनापत्रात आहे.

तुमच्या मागच्या रंगकारखान्याला दुसरा बॉयलर बसवायचा आहे, हे तू ऐकलंच असशील. परवानगी द्यायची की नाही ते समिती फेब्रुवारीत ठरवणार. त्यासाठी आमच्या संस्थेने शहरात बारा ठिकाणी अशा पेट्या लावल्या आहेत आणि कारखान्याला सगळ्यात जवळची जागा म्हणजे तुझी लॉन्ड्री. घरचं माणूस म्हणून तुला निवडलं असं वरिष्ठांना वाटू नये, म्हणून मी आधीच सांगून टाकलं की तुझ्याइतकं नेटकं माणूस मला तरी माहीत नाही.

चकतीबरोबर पत्र हवंच. फोनवर तू तीन वाक्यांत आटपतेस. खोकला कसा आहे ते खरं खरं लिही.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसावा ही वि.

तुझी,
चिमणी


१२ डिसेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पहिली चकती पाठवली आहे. चिमटा उकळून घेतला होता. तुझं सूचनापत्र काकांनी मोठ्याने वाचून दाखवलं. बारा पानांत एकही विनोद नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

पेटी खांबाला छान बसली. तिची काळजी करू नकोस, डोळ्यांत तेल घालून जपते आहे. हॉटेलच्या चादरींना जेवढं जपते तेवढंच तिलाही, आणि चादरींना मी किती जपते ते तुला ठाऊक आहे. लहानपणी ओल्या चादरीवर पाय दिलास म्हणून पाठीत धपाटा खाल्ला होतास.

खोकला आहे तसाच आहे. थंडीचा असतो तो. जिना चढल्यावर जरा टेकावं लागतं, पण वयही झालं आता. तू वेळेवर जेवत जा.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
आत्या


१५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आज इतकी खूश आहे की प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने मला दोनदा हळू बोलायला सांगितलं. पाच आठवड्यांच्या चकत्या वजन करून झाल्या. बारा ठिकाणांत सगळ्यात स्वच्छ हवा कुठली असेल? तुझ्या गच्चीवरची! बागेजवळच्या पेटीपेक्षाही स्वच्छ. मी वजनकाटा दोनदा तपासला.

खरं तर मला उलटी भीती होती. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची गरम असते, त्यामुळे धूर वर जात नाही, वस्तीतच बसून राहतो. तुमच्याकडे तसं होत असणार, असं मी धरूनच चालले होते. पण आकडे वेगळंच सांगतात आणि आकड्यांपुढे माझ्या भीतीला काय किंमत! अहवाल काल समितीकडे गेला. कारखान्याचे व्यवस्थापक तर आमच्या साहेबांचे आभार मानून गेले. दुसरा बॉयलर आता बहुतेक होणार. तू चांगल्या हवेत आहेस, माझ्या जिवाला तेवढं पुरे.

फक्त तो जिन्यावरचा दम मला कळत नाही. डॉक्टरांना दाखव. आळस केलास तर मी येऊन तुझे कान धरीन, आणि वयाचा मान ठेवणार नाही.

आशीर्वाद चालू राहावेत.

तुझी,
चिमणी


१९ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून ऊर भरून आला. काकांनी ते शेजारच्या शिंप्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला की इथली हवा स्वच्छ असेल तर त्याच्या खिडकीवर रोज काजळी कोण आणून टाकतं? मी त्याला चांगलंच सुनावलं, माझ्या भाचीचे आकडे खोटे कसे असतील म्हणून.

पण थोडं श्रेय माझंही आहे हो. दुपारी तीनच्या सुमाराला कारखान्याचा भोंगा होतो आणि बॉयलर काळं ओकायला लागतो. भोंगा झाला की मी गच्चीवर धावते. आधी चादरी आत, मग तुझी पेटी आत. इस्त्रीच्या खोलीची दारं-खिडक्या लावून घेते. पंप तिथेही चालूच असतो, तो मी एकदाही बंद केला नाही. साडेसहाला धूर ओसरला की पेटी पुन्हा खांबावर. पाच आठवड्यांत एक डाग लागू दिला नाही तिला. तुझी वस्तू तुला आहे तशी परत मिळेल.

डॉक्टरांकडे जाईन सवडीने.

जीव लावतेस तसाच लावत राहावा.

तुझी,
आत्या


२३ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हसावं की रडावं कळेना. आधी हसले. मग समितीकडे गेलेला अहवाल आठवला.

आत्या, पेटी धूर मोजायलाच ठेवली होती. बाकीच्या अकरा पेट्यांनी हवा मोजली, तुझ्या पेटीने ऐन धुराच्या वेळी इस्त्रीची खोली मोजली. रागावले नाही मी, खरंच. चूक माझी आहे. बारा पानं खरडली, पण पेटी बाहेरून हलवू नको हे एक वाक्य लिहिलं नाही. ते लिहावं लागेल असं वाटलंच नाही. ज्या घरात भोंगा झाला की आम्ही मुलंसुद्धा चादरी घेऊन पळायचो, त्याच घरात वाढूनही मला हे सुचू नये!

आज साहेबांसमोर उभी राहिले आणि तुमच्या गच्चीचे आकडे मागे घेतले. ते खूप बोलले. बोलणारच. त्यांनी लगेच कळवल्यावर समितीने बैठक महिनाभर पुढे ढकलली आहे. तोवर नवे आकडे द्यायचे आहेत. देता आले नाहीत तर त्या जागेचा विचारच होणार नाही.

पण आत्या, मला झोप लागत नाही ती यामुळे नाही. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. धूर आला की चादरी आत, पेटी आत. आणि तेवढा वेळ तू कुठे असतेस? गच्चीवर, धावत, तोंड उघडं टाकून दम घेत, त्याच धुरात. किती वर्षं? मी कणांवर एवढे निबंध लिहिले आणि तू खोकला थंडीचा म्हणालीस ते मुकाट मानलं. मला स्वतःची लाज वाटते.

माझं ऐक. चादरी मळू देत, पेटी काळी होऊ दे. तू आत जा.

एवढं करावं ही पाया पडून वि.

तुझी,
चिमणी


३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुला साहेबांची बोलणी खावी लागली, याचं मला फार वाईट वाटलं. काका म्हणाले की आयुष्यभर डाग काढले, आता भाचीच्या कामावर लावला. मग माझा चेहरा बघून त्यांनीच चहा केला.

सोबत दोन वस्तू आहेत. एक, माझी वही. चादरी आत घेतल्यामुळे माल उशिरा गेला की हॉटेलवाले कारण विचारतात, म्हणून मी त्या त्या दिवशी धूर सुरू झाल्याची आणि ओसरल्याची वेळ लिहून ठेवते. नऊ वर्षांच्या वेळा आहेत. तुझ्या समितीला उपयोग होत असेल तर दाखव, नसेल तर जपून परत कर.

दुसरी, या आठवड्याची चकती. पेटी सात दिवस बाहेरच होती. सोमवारी पेटी उघडली तर मला वाटलं चकती जळली. चिमट्यात धरून मी ती इस्त्रीच्या खोलीतल्या दिव्याखाली किती वेळ पाहत बसले. हे सगळं इतकी वर्षं माझ्या आत जात होतं ना गं? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी छातीचा फोटो काढलाय आणि रोज ओढायचा एक फवारा दिलाय. घाबरू नकोस, पण तू म्हणत होतीस ते खरं आहे, हे लिहायला हवं.

हॉटेलच्या चादरी आता सकाळीच वाळवून काढते. आज दोरीवर फक्त एक जुनी पांढरी चादर मुद्दाम ठेवली होती, समितीला दाखवायला. आत्ता हे लिहिताना भोंगा झाला. पाय सवयीने जिन्याकडे निघाले. अर्ध्या पायऱ्या चढले होते. मग वळले, खाली आले आणि दार लावून घेतलं.

चादर बाहेर आहे, पेटी बाहेर आहे. मी आत आहे.

तुझी,
आत्या