किल्ल्यांचा आवाज

३ जून
नाही म्हणजे नाही! किल्ल्या ऐकूच येत नाहीत. अख्खा सिनेमा त्या जुडग्यावर उभा आहे. कुलपं दुरुस्त करणारा नवरा, कमरेला जुडगा, जिन्यात तो खुळखुळला की बायको दार उघडते. पुढे नवरा मरतो, जुडगा बाईच्या हाती उरतो. आणि मिक्सिंगमध्ये नेमका तोच आवाज गायब!

बटण्याला म्हटलं, वाढव. पहिल्या सिनेमापासून हाच माझे आवाज जुळवतो. झोपेतसुद्धा याची बोटं बटणांवर असतील.
वाढवला. अजून वाढव. तो बघत राहिला. "साहेब, अजून?"
"बहिरा झालास काय रे?"
मान खाली घालून वाढवला.

५ जून
आज किल्ल्या मनासारख्या.
शेवटचा शॉट पुन्हा पाहिला. बायकोचं काम करणाऱ्या थोरल्या बाई खिडकीशी, कॅमेऱ्याकडे पाठ, जुडगा मांडीत. शूटिंगच्या वेळी बजावलं होतं — मुठीत घट्ट धरा, एकही किल्ली वाजता कामा नये, घर मेल्यासारखं गप्प हवं. शॉट झाल्यावर म्हणालो, "झकास! टाचणी पडल्याचाही आवाज नाही." बाई हसल्या. "तुम्हाला पटलं ना, मग झालं." का हसल्या कोण जाणे.

बाकी सगळ्यात दहा जणांचे हात. ही शांतता मात्र माझी.

९ जून
वाटोळं झालं. शेठने निवडक लोकांना बोलावून सिनेमा दाखवला. माझ्या पैशाने नाही, त्याच्या पैशाने बनतो, त्याचा हक्क. पहिल्यांदा किल्ल्या वाजल्या आणि पुढच्या रांगेतल्या एका पाहुणीने कानांवर हात ठेवले. मागून कुणीतरी — "अहो, भांडी घासताय की काय?" हशा! मग नुसता जुडगा दिसला तरी हसू लागले. नवरा मरतो तिथेसुद्धा!

शेवटच्या शॉटला मात्र सगळे चिडीचूप. कुणीतरी नाक ओढलं.

शेठ म्हणाला, "डायरेक्टरसाहेब, शेवटाने काळजाला घरं पाडलीत. पण तिथवर पोचेपर्यंत कानाचे पडदे जातात त्याचं काय? नीट करून द्या. नाहीतर दुसऱ्याला बसवतो."
मागचे दोन सिनेमे डब्यातच राहिले. हा हातातून गेला तर पुढे मला दारात कोण उभं करणार?
आणि मला त्या किल्ल्या जेमतेम ऐकू येत होत्या!

१० जून
बटण्यावर तोंड सोडलं. ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "रागावू नका साहेब. एकदा कान दाखवून या."
तडक घरी. बायकोला सांगितलं, बघ याची मजल कुठवर गेली! ती भाजी निवडत होती. वर न बघताच —
"दाराची बेल वाजली म्हणून तुम्ही शेवटचे कधी उठलात?"
"वाजली तर उठीन ना!"
"तेच म्हणतेय मी."

१२ जून
कानाच्या डॉक्टरीणबाई. काचेची खोली, कानांवर हेडफोन. आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. सुरुवातीचे जाड आवाज आले, दाबलं. मग बटण धरून बसलो. पुढचं सुरू कधी होतंय याची वाट बघत होतो. त्यांनी दार उघडलं. "झालं."
बोलणं, जाड आवाज ठीक. बारीक, उंच पट्टीतले गेले. परत येणार नाहीत. यंत्र मिळेल, पण तुमच्या कामाला त्यावर विसंबू नका.
"चिमण्या कधीपासून ऐकल्या नाहीत?"
मला वाटायचं, आमच्याकडून चिमण्याच गेल्या.

१३ जून
मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. थिएटरच्या दारावर तिकिटं फाडायचो. दार लागलं की बाहेर उभा. पडदा दिसायचा नाही, नुसतं ऐकायचो. कपबशी आपटल्यावरून सांगायचो, नवराबायकोचं बिनसलंय. सिनेमा मी कानांनी शिकलो! डिग्रीवाल्यांना आयुष्यभर हेच ऐकवलं. आता काय ऐकवू?

१४ जून
काही नाही. पडून होतो.

१५ जून
बायको ताट घेऊन आली. मी जेवलो नाही. ती म्हणाली, "मी येते स्टुडिओत. किल्ल्या वाजल्या की तुमच्या मनगटावर बोट टेकवीन. हळू वाजल्या तर हळू, मोठ्याने वाजल्या तर जोरात."
आजवर तिला तिथे पाऊल टाकू दिलं नाही. घरचं घरी.
"तुला त्यातलं काय कळतं?"
"काही नाही. ऐकू येतं."

१७ जून
गेलो. बटण्याने "वहिनी, वहिनी" करत तिला खुर्ची दिली. बोट जोरात टेकलं की मी हाताने खूण करायची — कमी. अजून कमी. मान वर करवत नव्हती. पण संध्याकाळी बटण्या म्हणाला, "आता जिन्यात माणूस आला साहेब." मला काही आलेलं कळलं नाही.

१८ जून
शेवटचा शॉट. बटण्याला म्हटलं, इथे काही करायचं नाही, नुसता सोड. खिडकी. बाईंची पाठ. शांतता.
मनगटावर बोट टेकलं. अगदी हलकं. पुन्हा. पुन्हा. वाटलं, हिचं चुकतंय. वळून पाहिलं — एका हाताने डोळे पुसत होती. दुसऱ्याचं बोट थांबत नव्हतं.
बटण्याकडे बघितलं. तो गोंधळला. "बाई मांडीत किल्ल्या वाजवतायत ना... मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलंय. काढू का साहेब?"
"राहू दे."