वीसही पट्ट्या जांभळ्या

४ मार्च, सकाळी ७
एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या पट्ट्या घेऊन पुण्याहून गावी, अवसरीला आले. पट्टीवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण आहेत. लघवीत किडनीच्या बिघाडाची खूण असली की लाल पट्टी जांभळी होते. वीस बायका हव्यात. संकल्प : काळजी करायची नाही. यादी तीनदा तपासली.

४ मार्च, सायंकाळी
बायकांना चाळीस मिनिटं समजावलं. वीसही जणींच्या फॉर्मवर सह्या. कोंडाबाई म्हणाल्या, "सोनं मुतात बुडवायचं व्हय? शिकून ह्येच का गं बया?" मी चिडले नाही. मला समजावण्याची हातोटी आहे. नमुन्याच्या बाटल्या वाटायला द्रौपदाआत्याकडे दिल्या. मला बाराखडी तिनंच शिकवली, चुलीपुढच्या राखेत. बायका तिचं ऐकतात.

६ मार्च, सकाळी
वीसच्या वीस बाटल्या भरून आल्या! विश्वास संपादन केला की असं होतं. आत्या मात्र दोन दिवस तांब्यामागून तांब्या पाणी पितेय. ऊन वाढलंय.

६ मार्च, दुपारी
पहिली जांभळी. दुसरीही. वीसही! छटासुद्धा एकच. पट्ट्या खराब असतील म्हणून स्वतःची तपासली. लाल. शंका नको म्हणून पाचदा. लालच.

७ मार्च
कारण सापडलं : बोअरचं पाणी. मी पुण्याचं पिते, म्हणून मी लाल. ग्रामपंचायतीला सहा पानी अर्ज लिहिला. संकल्प : नाव झालं तरी साधं राहायचं.

८ मार्च, सकाळी
यादीतल्या साळुबाईंना आधी हळुवार सांगावं म्हणून गेले. त्या म्हणाल्या, "आगं, म्या बाटली दिलीच कुठं? कुणीच न्हाई दिली. लई लाज वाटती, आसं द्रौपदाला सांगितलं व्हतं की."

आत्याला विचारलं. ती भाकरी थापतच म्हणाली, "तुजं काम आडाया नको म्हून भरल्या म्याच. येकीचं काय न् इसाचं काय!"

८ मार्च, दुपारी
अर्ज फाडला. प्रोजेक्ट पहिल्यापासून. गावाच्या पाण्याची मनातल्या मनात माफी मागितली.

वीस फॉर्म आहेत, आत्याचा एकही नाही. घरातल्या माणसाला काय विचारायचं, असं वाटलं होतं. उद्या तिला मंचरला डॉक्टरांकडे न्यायचं. ती म्हणते, "इसच्या इस वाचल्या की! मंग रडती कशापाय?"

रडत नव्हते. तिचा फॉर्म भरायला घेतला. पाय सुजतात का, विचारलं.

म्हणाली, दिवाळीपासनं.

दिवाळीत मी इथंच होते. दहा दिवस.