शेकायची पिशवी

४ फेब्रुवारी

आज पुन्हा मीच! बाथरूमच्या दारामागच्या खुंटीवरून शेकायची रबरी पिशवी मीच काढली, गॅसवर पाणी मीच तापवलं. सासूबाई ओट्याशीच उभ्या होत्या. बघितलं, बोलल्या काही नाहीत. आमच्या घरात पाळी आली असं कुणी तोंडाने म्हणत नाही. खुंटी रिकामी दिसली की ज्याने त्याने समजायचं. लग्नाला सात वर्षं होतील. सात वर्षं मी दर महिन्याला न चुकता घरभर बातमी देतेय — नाही, याही वेळी नाही.

पण जाऊबाई? दोघींत मिळून ही एकच पिशवी. तिने शेवटची कधी नेली? थंडी सुरू झाल्यापासून तर नाहीच. आणि तिच्या लग्नाला अजून दोन वर्षंही झाली नाहीत!

८ फेब्रुवारी, रविवार

महाराणींचा चेहरा भरलाय. (हो, इथे मी तिला महाराणीच म्हणणार. वही माझी आहे.) गाल कसे गोल गरगरीत! जेवताना तीनदा वाढून घेतलं. बेकरीतल्या कामावरून आली की जिन्यातच धाप लागते, कठडा धरून उभी राहते. सासूबाई लगेच — "बस गं तू, दमू नकोस. भांडी मोठी घासेल."

मोठी म्हणजे मी. घासली. एक ताट मुद्दाम आपटलं. कुणी विचारलंसुद्धा नाही काय पडलं म्हणून.

११ फेब्रुवारी

पिशवी खुंटीवरच.

१६ फेब्रुवारी

दुकानात एका बाईंना दुसऱ्याच कुणाचा चष्मा दिला. त्यांनी घातला आणि म्हणाल्या, "अहो, समोरचं सगळं पुसट दिसतंय." मालक म्हणाले, "लक्ष कुठाय तुमचं?" कुठे असणार! दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवते आणि माझे डोळे त्या खुंटीवर.

२१ फेब्रुवारी

अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

सासूबाईंनी आज जेवणं झाल्यावर जाहीर केलं — खिडकीची खोली धाकट्यांना द्यायची. "पुढे लागेल त्यांना. उजेड हवा, हवा हवी." पुढे म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. भाऊजी आपले पाण्याच्या ग्लासात बघत बसले.

खिडकीची खोली माझी आहे. लग्न झाल्यापासून माझी. खिडकीशी टेबल मी सरकवून सरकवून बसवलंय, पडदा मी शिवलाय. आमचे हे काय म्हणाले? "देऊन टाकू गं. आपल्या दोघांना कशाला एवढी मोठी?"

आपल्या दोघांना! माझ्या तोंडावर हे असं म्हणतात आणि मग विचारतात, डोळे का लाल झालेत.

महाराणी म्हणाली, "नको ना आई, ताईंची खोली आहे ती." किती तो साळसूदपणा!

२६ फेब्रुवारी

शेवटी विचारलंच. कपडे वाळत घालताना, अगदी गोड आवाजात. "काय गं, काही गोड बातमी?"

तिने मान खाली घातली. "तसं काही नाही हो ताई."

लपवतेय! माझ्यापासून लपवतेय. माझी दृष्ट लागेल म्हणून. लागूही दे.

हे काय लिहिलं मी! खोडणार होते. राहू दे. मनात आलं ते आलं.

१ मार्च, रविवार

रात्रीचे बारा वाजून गेलेत. तरी लिहिते.

खोली रिकामी करायची होती. मी कुणाशी बोलत नव्हते. गादी खिडकीशी उभी केली आणि काठी घेऊन झोडायला लागले. इतका राग होता की गादीतली वर्षांची धूळ खोलीभर उडाली. महाराणी दारात आली — "ताई, मी धरू का?" मी म्हटलं, धर.

दोनदा खोकली. मग खोकला थांबेचना. मग आवाजच फुटेना, छातीतून नुसती शिट्टी. ओठ कसेतरी दिसायला लागले. हे आणि भाऊजी दोघेही बाहेर. तिने पर्सकडे बोट केलं. आत श्वासाचा पंप निघाला — आणि गोळ्यांची पाकिटं, कितीतरी. पंप तिच्या तोंडाशी मी धरला. रिक्षात ती माझा हात असा दाबत होती की बांगडी रुतली.

दवाखान्यात वाफ दिली, ऑक्सिजन लावला. थोडी सावरल्यावर डॉक्टरीणबाईंनी पाकिटं बघितली. "या गोळ्या किती दिवस घेताय?"

"चार महिने."

बाईंनी कपाळावर हात मारला. मी पुढे होऊन म्हटलं, "डॉक्टर, हिला दिवस गेलेत." महाराणी डोळे मिटून मान हलवत राहिली. नाही. नाही.

२ मार्च

रात्रभर दवाखान्यात ठेवलं होतं. आज मी सुट्टी काढली आणि तिच्याजवळ बसले. सगळं आज कळलं.

बेकरीतल्या पिठाने दमा सुरू झाला. सांगितलं तर काम जाईल. एका डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, इतकं बरं वाटलं की तीच चिठ्ठी दाखवून दाखवून औषधवाल्याकडून आणत राहिली. चेहरा सुजला, भूक वाढली, पाळी थांबली. तिने दोनदा घरी तपासणी केली. दोन्ही वेळा नाही.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू ताई? सगळे इतके खूश होते. आई मला काही उचलू देत नव्हत्या. आणि खरं सांगितलं असतं, तर बेकरीचंही सांगावं लागलं असतं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतके दिवस या गोळ्या घेतल्या तर पाळी लांबू शकते, थांबूही शकते. दमा बळावला तरी होऊ शकतं. नक्की कशाने झालं ते त्यांनी सांगितलं नाही, रक्त तपासायला घेतलं. पण एक गोष्ट दोनदा बजावली — गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, त्या सांगतील तशा हळूहळू कमी करायच्या. पंप मात्र रोज.

निघताना तिने भलतंच सांगितलं. "मी तुमच्यावर जळायचे ताई. दर महिन्याला पिशवी घेऊन जाता. तुमचं सगळं कसं वेळच्या वेळी. मला वाटायचं, माझं आतलं सगळं बिघडलंय, आणि तुमचं मात्र ठणठणीत."

माझ्यावर! मला हसू आलं आणि रडूही.

७ मार्च

खरं लिहायचं तर आतून गार वाटलं. खोली माझ्याकडेच राहिली. टेबल पुन्हा खिडकीशी लावलं. मग तिच्या खोलीवरून जाताना ती पंप ओढताना दिसली आणि माझीच मला लाज वाटली.

सासूबाई तिच्याशी दोन दिवस धड बोलल्या नाहीत. जणू तिने त्यांची वस्तू हरवली! आज म्हणाल्या, "आता भांडी हिलाच घासू दे." मी म्हटलं, "मीच घासते. तिला धाप लागते."

११ मार्च

धाकटीने बेकरीत सांगून टाकलं. काढलं नाही! पीठ मळायच्या खोलीतून काउंटरवर बसवलं. नाकावर मास्क बांधून पाव विकते. म्हणते, "गिऱ्हाइकांना वाटतं मी त्यांच्यावर रुसलेय."

१९ मार्च

धाकटी आज बाथरूममधून ओरडतच बाहेर आली. "ताई, आली एकदाची!" हातात पिशवी, चेहऱ्यावर केवढा आनंद. घरात पहिल्यांदाच कुणी हे तोंडाने बोललं. मग पिशवीवरून बोट फिरवून म्हणाली, "केवढी धूळ बसलीय हिच्यावर. तुम्ही शेवटची कधी नेलीत?"

मी बोटांवर दिवस मोजायला लागले — चार फेब्रुवारी, आणि पुढे काहीच नाही. तिची पिशवी बघता बघता माझीच विसरले होते. मी तर साधी सर्दीचीही गोळी घेतलेली नाही.

तिला माझ्याआधी कळलं. तिने माझ्या हातावर जरा हात ठेवला, आणि पाणी तापवायला गेली.