दोनशे त्र्याण्णवचे पान

मी, वय चोवीस, धंदा फरशी बसवणे, शिक्षण अर्धी नववी, कामावर सगळे ज्याला मोजपट्टी म्हणतात तो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. परवा माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. तरी लिहिलेले बरे.

१. बँकेत जे आहे ते आईचे. सायकल ताईची. चेन नवीन टाकली आहे.

२. कटर, पाणसळ आणि रबरी हातोडा मुकादमांना. "तुझी रेघ सरळ, डोकं वाकडं," असे ते चार माणसांत म्हणाले होते. ते मी विसरलेलो नाही. पण हत्यारे त्यांच्याइतकी नीट कोणी ठेवत नाही.

३. ज्यांनी मला धंदा शिकवला त्या काकांना मी काही ठेवत नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही असे कोर्टाबाहेरचा टायपिस्ट म्हणाला, आणि साक्षीदार मला तेच हवेत. म्हणून त्यांना फक्त खरे सांगतो.

परांचीवरून पडून एक हात निकामी झाला, घरी बसले, तेव्हापासून काकांना आकड्यांचा नाद लागला. लाडका आकडा १०००००९. हजार बाय हजारचा चौरस आणि शेजारी तीन बाय तीनचा, एवढ्या फरश्या. तो अभाज्य आहे का हे ठरवायला हजाराच्या आतल्या १६८ अभाज्य संख्यांनी भागून पाहायचे होते. १३६ काकांनी केल्या. दोनशे ते चारशेमधल्या ३२ मला दिल्या, एका पानावर एक.

२९३ च्या पानावर तीन पायऱ्या झाल्या, ८७ उरले, तेवढ्यात खालून मित्राने हाक मारली, "चल रे, मॅच सुरू झाली." शेवटचा ९ खाली घ्यायचा राहिला होता. मला तो दिसत होता. मी सुवाच्य अक्षरात "बाकी ८७, भाग जात नाही" असे लिहिले आणि गेलो.

काकांनी पाने उघडलीसुद्धा नाहीत. "तुझं काय तपासायचं?" म्हणाले. मग एका हाताने, आठ दिवस खपून, दारापुढच्या पांढऱ्या फरशीत काळ्या तुकड्यांनी तो आकडा बसवला. येईल त्याला सांगतात, "जपून पाय टाका, हा कोणाच्या बापाला तुटत नाही."

गेल्या महिन्यात मी वर्गांचा तक्ता घेऊन बसलो होतो. २३५ चा चौरस आणि ९७२ चा चौरस मिळूनही नेमक्या तेवढ्याच फरश्या झाल्या. अभाज्य आकडा दोन चौरसांत फार तर एकाच रीतीने मांडता येतो, हे काकांनीच शिकवले होते. जुने पान काढले, ९ खाली घेतला. ८७९ म्हणजे तीन वेळा २९३. खाली काही उरले नाही. २९३ गुणिले ३४१३.

तेव्हापासून मी काकांकडे मागच्या दाराने जातो.

४. मी गेलो तर तो आकडा काढून साधी पांढरी फरशी बसवावी. मापाने कापून कटरच्या पेटीत ठेवली आहे.

५. काकांनी वाचल्याशिवाय सही करू नये.

स्थळ: माझी खोली. तारीख: १९ नोव्हेंबर.

सही: मोजपट्टी

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी. सही माझ्यासमोर केली.

साक्षीदार दुसरा: काका. सही माझ्यासमोर केली. वाचले. २९३ ने भागून पाहिले, चारही पायऱ्या. पोरगा बरोबर आहे. ती पांढरी फरशी पेटीतच राहू दे. टाके निघाले की छिन्नी घेऊन ये, पुढच्या दाराने. आकड्याच्या खाली गुणाकार बसवायचा आहे.