रिकाम्या चौकटीतले पाच निन्जा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा सप्तांग नमस्कार. आठवं अंग, म्हणजे डावा हात, प्लॅस्टरमध्ये आहे. काळजी नसावी, तुझे गुडघे काय म्हणतात?

मागच्या बाजूला एक रिकामी चौकट काढली आहे. चित्राचं नाव ‘पाच निन्जा’. एकही दिसत नाही ना? म्हणजे निन्जा कसबी आहेत.

परवा आम्ही छापलेलं पत्रक न आवडल्याने छापखान्यात टोळकं घुसलं. गजांनी यंत्रं फोडली, माझा हात मोडला. आम्ही पाच जण आतल्या खोलीत कागदाच्या गठ्ठ्यांमागे लपलो. ‘बाहेर या रे भेकडांनो!’ ते ओरडत होते.

आमचा पहारेकरी मात्र त्या खोलीच्या दारातून हलला नाही. ‘आज बंद आहे, उद्या या,’ म्हणत राहिला. त्याचं डोकं फोडलं त्यांनी. अजून शुद्ध नाही.

तो उठला की चौकटीत त्याला काढणार आहे, चांगला ठळक.

तुझा, चित्रात न दिसणारा,
धाकटा