शेवट सांगत नसतात

११ मे २०२५, रविवार. सायंकाळी ७.१०. ओट्यावर बसून पेन्सिलीला टोक करतो आहे.

कस्तुरचंदजींच्या छापखान्यात मी लग्नपत्रिकांची प्रुफं तपासतो. काल म्हणाले, "हरीओम, टॉकीजमंदी कार्टूनचा सिनेमा लागला. पाहून ये अन् आपल्या साप्ताहिकाले दीडशे शब्द दे." मी! अकरावी सोडलेला.

पोस्टरवर 'सहकुटुंब पाहा' होतं, म्हणून तीनच्या खेळाला मावशीला आणि राखीला नेलं. मोठी चूक झाली.

मावशी म्हणजे बाबांची दुसरी बायको, वैजयंती. आई गेली तेव्हा मी दहाचा. पुढच्या वर्षी ही आली. लोकांनी मावशी म्हणायला शिकवलं, तेच राहिलं. राखी तिची मुलगी, माझी बहीण.

सिनेमातही राजा दुसरी राणी आणतो. ती आल्या आल्या मुलीच्या खिडकीला खिळे ठोकते, तिच्या आईची होडी जाळते. मुलगी जंगलात पळते. मध्यंतर! मागून कोणी ओरडला, "सावत्र ते सावत्रच!" सगळे हसले. मावशी उठली. "समोरचं मले माईत हाय. तुमी पाहा." उन्हात पायी घरी गेली.

आणि मध्यंतरानंतर सगळं उलटं! होडीचा तळ कुजलेला होता. खिडकीखाली नदी चढत होती. राजा घोड्यावर बसून नुसते हुकूम सोडतो. कंदील घेऊन पाण्यात उतरते ती राणीच. राजकुमार येतच नाही. मुलगी शेवटपर्यंत तिला आई म्हणत नाही. शेकोटीजवळ ओंडक्यावर बसलेली असते, शेजारचं गाठोडं उचलून मांडीवर घेते. रिकाम्या जागेवर राणी बसते. संपलं.

हे घरी येऊन सांगायचं होतं. मावशीनं ताट वाढलं. म्हणाली, "राखी, दादाले अजून पोयी पाह्यजे का, इचार."

मी समोरच बसलो होतो.

१२ मे, सोमवार

तीनदा लिहून काढलं. चित्रं हातानं काढलेली आहेत, रेघ श्वास घेतल्यासारखी हलते, हे लिहिलं. राणीचा चेहरा पूर्वार्धात एकाच बाजूनं दिसतो, पूर्ण दिसतो तो पाण्यात उतरल्यावर — हेही. हे वाक्य मला आवडलं होतं.

कस्तुरचंदजींनी नदीपासून पुढचं सगळं लाल पेनानं उडवलं. "अबे, शेवट सांगत नसतात! मंग तिकीट कोन काढन? टॉकीजवाला आपल्याले जाहिरात देते."

बरं म्हणालो. मला नाही म्हणताच येत नाही. मावशीसाठी तेवढंच तर लिहिलं होतं.

१३ मे, मंगळवार

छापून आलं. एकही चूक नाही. बाबांनी माझं नाव बोट ठेवून वाचलं.

मग राखीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. थांबवायला हवं होतं. "नवी राणी घरात पाऊल टाकताच मुलीची खिडकी बंद करते..." मावशी लसूण सोलत होती. हात थांबले नाहीत.

"चांगलं लिवलं," ती राखीला म्हणाली. "मी पेपरात बी आली."

"आई, पन ते राणी चांगली राह्यते ना!" राखी.

"दादानं शिकवलं असन तुले."

मग खाटेवर आडव्या झालेल्या बाबांना म्हणाली, शुक्रवारी किन्हीराजाला जाते, भावाकडं. बाबा म्हणाले, "किती दिवस?"

"पाहू."

बाबांनी कूस बदलली. घोड्यावरचा राजा! मावशीनं एसटीसाठी पन्नास रुपये राखीकरवी माझ्याकडं मागितले. दिले. न देऊन काय करणार?

१४ मे, बुधवार

बोलायचं ठरवून चार वेळा स्वयंपाकघरात गेलो. चारही वेळा पाणी पिऊन परत आलो. पाचव्यांदा तीच म्हणाली, "माठात कायी पडलं काय?" तीन दिवसांत पहिल्यांदाच थेट मला.

"मावशी, तो सिनेमा तसा नाही. शेवट वेगळा आहे."

"मंग पेपरात काहून नाही लिवला?"

"शेवट सांगत नसतात," — तोंडातून हेच निघालं! मूर्ख!

 तिनं पिठाचा डबा उघडला. उद्या खेळाचा शेवटचा दिवस.

१५ मे, गुरुवार

सिनेमा आणखी दोन दिवस ठेवा, असं विचारायला दुपारी टॉकीजवर गेलो. दारावरचा माणूस हसला. "कोनासाठी ठेवू? आत एकच बाई हाय. तिच्यासाठी पंखा फिरवून राह्यलो."

तिकीट काढलं. आत अंधार. मधल्या रांगेत मावशी. एकटी. शेजारच्या खुर्चीवर तिची बाजाराची पिशवी. पडद्यावर राणी नुकती पाण्यात उतरत होती. मी खुर्च्यांच्या कडेला उभा राहिलो.

तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. पिशवी उचलून मांडीवर घेतली.

शेकोटीचं दृश्य अजून यायचं होतं.

खर्च: तिकीट साठ, सायकल स्टँड पाच.
येणे: कस्तुरचंदजींकडून शंभर.
देणे: मावशीला, शेंगदाण्यांचे दहा. घेत नाही म्हणते.
परत आले: एसटीचे पन्नास.